प्रश्नावलीचें दप्तर : घरदुरुस्तीच्या धंद्यांत गिऱ्हाईक मिळविण्याची एक रीत

प्रस्तुत लेखाचा विषय संशोधकांच्या नेहमींच्या पंक्तींत बसणारा नाहीं, हें प्रारंभींच सांगितलेलें बरें. सनदा, महजर, कैफियती व बखरी यांच्या शेजारीं जाहिरातींतील कुपनें आणि संगणकाच्या पडद्यावरील प्रश्नावल्या कोणी आणून ठेविल्या तर जुन्या मंडळींच्या भिवया वर जाणें साहजिक आहे. तथापि कागद कोणत्या हेतूनें उत्पन्न झाला, कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला आणि लिहून झाल्यावर त्याचें पुढें काय झालें, हे चार प्रश्न ज्यास विचारतां येतात तो प्रत्येक लेख दप्तरांत जागा मिळण्यास पात्र आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत छप्पर घालणारे, नळ दुरुस्त करणारे, घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या बसविणारे असे जे कंत्राटदार आहेत, त्यांस गिऱ्हाइकें मिळवून देण्याकरितां प्रश्न विचारण्याची एक रीत रूढ झाली आहे. तिचीं मुळें शंभर वर्षें मागें जातात, आणि तिचे कागद वरील कसोटीस पुरेपूर उतरतात.

प्रथम वस्तु कशी असते तें सांगतों. घरमालक संगणकावर किंवा हातांतील फोनवर कांहीं वाचीत असतां ‘तुमचें छप्पर आणखी किती वर्षें टिकेल?’ अशा मथळ्याची एक पाटी त्याच्या दृष्टीस पडते. तिला स्पर्श केला कीं एकामागून एक प्रश्न येऊं लागतात. पडद्यावर एका वेळीं एकच प्रश्न असतो, आणि उत्तर लिहावयाचें नसून चित्रावर बोट ठेवावयाचें असतें. घर एकमजली कीं दुमजली? छप्पर कौलांचें कीं डांबरी पट्ट्यांचें? तें घालून किती वर्षें झालीं? पाणी गळतें काय? मग जरा जवळचे प्रश्न येतात : घर स्वतःचें कीं भाड्याचें, काम केव्हां करावयाचें, टपाल विभागाचा क्रमांक कोणता. नांव व फोनचा क्रमांक यांची मागणी सर्वांत शेवटीं येते. आणि ‘तुमचा निकाल तयार आहे’ असें सांगून तो निकाल या मागणीच्या आड झांकून ठेविलेला असतो. घरमालकानें क्रमांक दिला कीं त्याचीं सर्व उत्तरें एका टिपणाच्या रूपानें कंत्राटदाराकडे जातात. या टिपणास धंद्याच्या भाषेंत ‘लीड’ म्हणतात. हें लीड विकलें जातें, पुष्कळदां एकाच वेळीं अनेक कंत्राटदारांस विकलें जातें, आणि कामाच्या मोठेपणाप्रमाणें त्याचा भाव ठरतो. ज्यानें विकत घेतलें तो कांहीं मिनिटांतच फोन करतो, कारण दुसराहि फोन करणार हें त्यास ठाऊक असतें.

या प्रश्नावलीस तिकडे ‘क्विझ’ म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं अशी दंतकथा आहे कीं, डब्लिन शहराच्या एका नाटकगृहाच्या व्यवस्थापकानें चोवीस तासांत एक निरर्थक शब्द लोकांच्या तोंडीं घालण्याची पैज मारली व रातोरात भिंतींवर तो खडूनें लिहविला. कथा गोड आहे, पण खरी दिसत नाहीं. कारण तिचें जें साल सांगतात त्यापूर्वींच हा शब्द लिखाणांत आढळतो. तेव्हां त्याचा अर्थ ‘विक्षिप्त मनुष्य’ असा होता. मग ‘थट्टा’, आणि अखेर एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेतील शाळांतून ‘लहानशी परीक्षा’. थट्टेपासून परीक्षेपर्यंत आलेला हा शब्द आतां बाजारांत शिरला आहे, इतकेंच येथें नमूद करून पुढें जाऊं.

या वस्तूचा सर्वांत जुना पूर्वज म्हणजे जाहिरातीच्या कोपऱ्यांत तुटक रेघांनीं आंखलेलें कुपन. नांव व पत्ता लिहून तें कापावें व टपालानें पाठवावें. मोबदल्यांत एखादें पुस्तक किंवा नमुना मिळावा. क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२) या जाहिरातदारानें १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या लहानशा पुस्तकांत या कुपनाचें सर्व शास्त्र आहे. प्रत्येक जाहिरातीच्या कुपनावर वेगळी खूण घालावी आणि कोणत्या जाहिरातीमुळें किती कुपनें परत आलीं तें मोजावें, ही त्याची मुख्य शिकवण. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं तत्कालीन अमेरिकन मासिकें असतील त्यांनीं कुपनांतील पत्ता नीट पाहावा. ‘विभाग १४’ किंवा ‘मेज ब’ असे शब्द तेथें दिसतील. तसा विभाग व तसें मेज त्या कचेरींत बहुधा नव्हतेंच. ती मासिकाची खूण होय. अशा खुणांवरून फाटून वेगळें झालेलें पान मुळांत कोणत्या मासिकांतील तें ठरविण्यास मदत होऊं शकते. संग्राहकांस ही गोष्ट उपयोगी पडेल.

कुपनांत विक्रेता केवळ नांव मागत होता. त्यांत प्रश्न केव्हां शिरला? आमच्या मतें या बाबतींत १९१९ सालची एक जाहिरात निर्णायक मानावी. शर्विन कोडी (१८६८–१९५९) या गृहस्थाच्या टपालानें शिकविल्या जाणाऱ्या इंग्रजी भाषेच्या वर्गांसाठीं मॅक्सवेल सॅकहाइम यानें ती लिहिली. ‘इंग्रजी बोलतांना या चुका तुमच्या हातून होतात काय?’ असा तिचा मथळा होता, आणि सुमारें चाळीस वर्षें ती फारसा फरक न होतां चालली. सर्व कौशल्य ‘या’ ह्या एका सर्वनामांत आहे. ‘चुका होतात काय?’ असें विचारिलें असतें तर वाचकानें ‘नाहीं’ म्हणून पान उलटलें असतें. ‘या चुका’ म्हटल्यावर त्या कोणत्या तें पाहणें त्यास भाग पडलें; आणि पाहतां पाहतां तो स्वतःची परीक्षा घेऊं लागला. येथून पुढें जाहिरात सांगण्याचें सोडून विचारूं लागली.

पुढची पायरी चांचणीची. मिनियापोलिस येथील टपालानें चित्रकला शिकविणारी शाळा १९१४ पासूनची. आगपेट्यांच्या पुठ्ठ्यांवर व मासिकांत एक चेहरा छापून ‘माझें चित्र काढा’ असें आव्हान ती देत असे. चित्र पाठविणाराची पात्रता तपासली जाई आणि मग वर्गांत नांव घालण्याची विनंति येई. ही शाळा अगदींच पोकळ होती असें म्हणतां येणार नाहीं. पुढें ‘पीनट्स’ या चित्रमालिकेनें जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स शुल्झ तेथेंच शिकला व तेथेंच शिक्षक झाला. परंतु १९६१ सालीं कनेक्टिकट संस्थानांत निघालेल्या ‘फेमस रायटर्स स्कूल’ या संस्थेनें हीच युक्ति लेखनास लाविली तेव्हां तिचें खरें रूप बाहेर पडलें. त्या शाळेचीही एक फुकट पात्रता-चांचणी होती. रॉबर्ट बर्न या लेखकानें एका अल्पशिक्षित वृद्धेच्या नांवानें मुद्दाम भिकार उत्तरें लिहून ती पाठविली, तरी वृद्धा उत्तीर्ण ठरली. जेसिका मिटफर्ड या बाईंनीं १९७० सालीं ‘अटलांटिक’ मासिकांत या शाळेची झडती घेतली. चांचणी पाठविणाराच्या घरीं विक्रेता कसा येतो आणि वयोवृद्ध विधवांच्या गळ्यांत शेंकडों डॉलरांचा करार कसा बांधतो, तें सर्व तींत आहे. १९७२ सालीं त्या संस्थेचें दिवाळें वाजलें. चांचणी ही चांचणी नव्हतीच. उत्तर पाठविणाराचा पत्ता व त्याची उमेद एवढेंच तिला पाहिजे होतें.

हें झालें शाळांचें. घरदुरुस्तीच्या धंद्यांत प्रश्न कागदावरून नव्हे, तर दारांतून आला, आणि तो अधिक भयंकर होता. १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याच्या पहिल्या भागान्वयें घर सुधारण्यासाठीं दिलेल्या कर्जास सरकारी विमा मिळूं लागला. हेतु स्तुत्य होता. परंतु कर्ज बुडालें तरी बँकेस फारशी तोशीस नाहीं असें झाल्याबरोबर दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांचें पीक आलें. ‘तुमचें घर आम्हीं या गल्लींतील नमुन्याचें घर म्हणून निवडलें आहे, तें पाहून जे काम देतील त्यांच्यामागें तुम्हांस दलाली मिळेल,’ अशी थाप मारून भिंतींस पत्रा मारण्याचे करार त्यांनीं केले. अशा लोकांस तिकडे ‘डायनामायटर’ म्हणजे सुरुंग लावणारे म्हणत. १९५४ सालीं सिनेटच्या समितीनें याची चौकशी केली. तिचे छापील खंड उपलब्ध आहेत व जिज्ञासूंनीं अवश्य चाळावे.

तथापि या सर्वांत शिरोमणि शोभेल असें प्रकरण हॉलंड फर्नेस कंपनीचें आहे. मिशिगन संस्थानांतील हॉलंड या गांवीं १९०६ सालीं ती स्थापन झाली. घरांतील भट्ट्या करणें व त्या स्वतःच्याच शाखांमार्फत विकणें हा तिचा व्यवसाय. १९५० नंतरच्या दशकांत ४३ संस्थानांतून तिच्या ४०० शाखा व सुमारें ८,५०० नोकर होते. ‘हॉलंड भट्टी उबदार मित्र करते’ असें तिचें ब्रीद. कंपनीचा मनुष्य घरीं येई आणि भट्टीची फुकट तपासणी करूं काय, असें विचारी. कधीं तो सरकारी किंवा गॅस कंपनीचा तपासनीस असल्याचें भासवी, कधीं उष्णता-शास्त्रज्ञ. होकार मिळाला, आणि कधीं न मिळतांहि, तो भट्टी सुटी करी. मग भेग दाखवी, घरांत विषारी वायु पसरून सर्व कुटुंब गुदमरेल अशी भीति घाली, आणि ती भट्टी पुन्हा जोडून देण्याचें साफ नाकारी. बाहेर बर्फ, घरांत भट्टीचे तुकडे, आणि दारांत नव्या भट्टीचा विक्रेता. अशा स्थितींत मनुष्य सही न करील तर काय करील?

फेडरल ट्रेड कमिशननें १९५४ सालीं फिर्याद केली व १९५८ सालीं ही रीत बंद करण्याचा हुकूम दिला. कंपनीनें अपील केलें. अपील चालूं असतांना हुकूम पाळावा असें शिकागोच्या सर्किट कोर्टानें १९५९ सालीं फर्माविलें. तरीही प्रकार थांबले नाहींत. अखेर १९६५ सालीं कोर्टाच्या बेअदबीबद्दल कंपनीस १,००,००० डॉलर दंड आणि तिचा माजी अध्यक्ष पी. टी. चेफ यास सहा महिने कैद झाली. ज्यूरीवांचून दिलेली ही शिक्षा योग्य कीं अयोग्य, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला व १९६६ सालीं ती कायम झाली. कायद्याचे विद्यार्थी हा खटला ज्यूरीच्या हक्काकरितां वाचतात. आम्हांस त्यांत दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तपासणीचा ‘तुमची भट्टी चांगली आहे’ असा निकाल लागण्यांत विक्रेत्याचा कांहींच फायदा नव्हता.

यावरून एक कसोटी हातीं येते. प्रश्नावली खरी कीं खोटी हें तिच्या प्रश्नांवरून ठरवूं नये. प्रश्न बहुधा सरळच असतात. तिच्या सर्व उत्तरांच्या वाटा कोठें जातात तें पाहावें. ‘तुम्हांस आमची गरज नाहीं’ या निकालाकडे जाणारी एकही वाट नसेल, तर तिला परीक्षा म्हणतां येणार नाहीं. ती केवळ दाराची कडी वाजविणें होय. उलट बाजूही सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं टपालानें भट्ट्या विकणारे व्यापारी गिऱ्हाइकाकडून घराचा ढोबळ आराखडा, खोल्यांचीं मापें व खिडक्यांची संख्या मागवीत. तीं उत्तरें खरोखर लागत. त्यावांचून भट्टीचा आकार ठरत नसे. आजही छपराचें वय व घराची मालकी आधीं कळली तर प्रामाणिक कंत्राटदाराची फुकटची फेरी वांचते, व गिऱ्हाइकाचाही वेळ वांचतो. प्रश्न विचारणें हा दोष नव्हे.

१९६६ याच वर्षीं दुसरा एक महत्त्वाचा कागद छापला गेला. जोनाथन फ्रीडमन व स्कॉट फ्रेजर या मानसशास्त्रज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील गृहिणींवर केलेल्या प्रयोगांचा तो वृत्तांत होय. कांहीं गृहिणींस प्रथम फोन करून घरांतील साबणाविषयीं किरकोळ प्रश्न विचारले. तीन दिवसांनीं पुन्हा फोन करून मोठी मागणी केली : पांचसहा माणसें घरीं येतील, दोन तास कपाटें उघडून वस्तूंची यादी करतील, चालेल काय? ज्यांनीं आधीं साबणाच्या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं होतीं त्यांपैकीं शेंकडा ५२.८ जणी कबूल झाल्या. ज्यांस एकदमच ही मागणी केली त्यांपैकीं अवघ्या २२.२. लहान प्रश्नाचें उत्तर देणारा मोठ्या मागणीस वश होतो, ही गोष्ट फेरीवाल्यास पूर्वींपासून अंदाजानें ठाऊक होती. आतां तिला आंकडा मिळाला. पडद्यावरील प्रश्नावलींत घराचें चित्र प्रथम व फोनचा क्रमांक शेवटीं कां, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

दारोदार विक्रीस आळा घालण्याकरितां केलेल्या कमिशनच्या नियमानें १९७४ पासून घरीं केलेला करार तीन दिवसांत रद्द करण्याची मुभा मिळाली. पण लौकरच दार ओलांडण्याचें कारणच उरलें नाहीं. १९९५ सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथें ‘अँजीज लिस्ट’ निघाली. तींत सभासद कारागिरांविषयीं आपला अनुभव कळवीत. त्या दशकाच्या अखेरीस कोलोरॅडोंत ‘सर्व्हिसमॅजिक’ निघाली. तिची रीत उलट होती. घरमालकास प्रश्न विचारावेत, व त्याचीं उत्तरें कंत्राटदारांस विकावींत. २०१२ सालीं तिनें ‘होमॲडव्हायझर’ हें नांव घेतलें आणि २०१७ सालीं दोन्ही एका छत्राखालीं आल्या. म्हणजे कारागिराविषयीं गिऱ्हाइकाची साक्ष गोळा करणारी संस्था आणि गिऱ्हाइकाविषयीं माहिती कारागिरास विकणारी संस्था एक झाल्या.

मार्च २०२२ मध्यें फेडरल ट्रेड कमिशननें होमॲडव्हायझरविरुद्ध तक्रार दाखल केली. ही तक्रार गिऱ्हाइकांची नव्हती. ती कंत्राटदारांची होती. काम देण्यास तयार असलेलीं गिऱ्हाइकें म्हणून जीं लीडें विकलीं त्यांतील पुष्कळ तशीं नव्हतीं, कांहीं भलत्याच कामाचीं, कांहीं भलत्याच भागांतील, असा आरोप होता. जानेवारी २०२३ मध्यें ७२ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम देण्याच्या अटीवर प्रकरण मिटलें. हॉलंडच्या काळीं फसलेला तो घरमालक. येथें ज्याच्याकडे हत्यारें व गाडी आहे, पण जाहिरातीस पैसे नाहींत, असा एकटा नळकारागीर प्रत्येक निरुपयोगी नांवाचे पैसे भरतो. या कागदांत त्याचा आवाज प्रथमच ऐकूं येतो, आणि आमच्या मतें या दप्तराचा तो सर्वांत मोलाचा भाग आहे.

आतां संमतीविषयीं. मराठी पत्राच्या अखेरीस मोर्तब होतें. मजकूर येथें संपला, याच्याखालीं कोणी कांहीं वाढवूं नये, असा त्याचा अर्थ. प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांतला मजकूर याच्या बरोबर उलटा आहे. तेथें ‘आमचे व्यापारी सहकारी’ या तीन शब्दांखालीं दुव्यानें जोडलेली यादी असते आणि संमति त्या सर्वांस लागू होते. २०२२ सालच्या एका प्रकरणांत, जें विद्यार्थ्यांच्या कर्जासंबंधीं होतें, अशा यादींत ५,३२९ नांवें निघालीं. फोनवरून होणाऱ्या विक्रीविषयींचा मूळ कायदा १९९१ चा. त्याच्या आधारें फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें डिसेंबर २०२३ मध्यें असा नियम केला कीं, एका संमतीनें एकाच विक्रेत्यास फोन करतां यावा. तो अंमलांत येण्यास तीन दिवस उरले असतां, २४ जानेवारी २०२५ रोजीं, अकराव्या सर्किट कोर्टानें तो रद्द केला. कायद्यानें कमिशनास दिलेल्या अधिकाराबाहेर तो जातो, असा निर्णय झाला. निर्णय कायद्याच्या दृष्टीनें कसाही असो, उत्तर देणाराच्या सहीखालची जागा पुन्हा मोकळी राहिली.

शेवटीं संग्राहकांकरितां दोन शब्द. कुपनाच्या काळांतील प्रश्न राहिला व उत्तर गेलें. भरलेलें कुपन कचेरींत पोंचलें, पत्ता यादींत उतरला, कागद फेंकला गेला. आपल्या हातीं जें मासिक येतें त्यांत कुपन कोरेंच असतें, किंवा त्याच्या जागीं कात्रीचा चौकोन असतो. तो चौकोन दोष समजून प्रत टाकूं नये. कोणीतरी उत्तर दिलें याचा तोच पुरावा. आतां स्थिति पालटली आहे. उत्तर राहतें, कारण तें विकावयाचें असतें. घरमालकानें कोणत्या क्षणीं कोठें बोट ठेविलें याचीही नोंद कांहीं कंपन्या संमतीचा पुरावा म्हणून ठेवितात. प्रश्न मात्र नाहींसा होतो. पान आठवड्याआठवड्यास बदलतें, आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही १९९६ पासून आंतरजालाच्या नकला जपणारी संस्थाही बहुधा पहिलेंच पान घेऊं शकते. आंतील पानें उत्तर दिल्यावांचून उघडत नाहींत. तेव्हां ज्यास अशी प्रश्नावली जतन करावयाची असेल त्यानें प्रत्येक पानाचें चित्र तारखेसह घ्यावें, बारीक अक्षरांतील यादी स्वतंत्र उतरून ठेवावी, आणि सर्व प्रश्न दोनदां उत्तरावे : एकदां घरमालक म्हणून, एकदां भाडेकरी म्हणून. दुसऱ्या वाटेवर फोनचा क्रमांक पुष्कळदां कोणी विचारीतच नाहीं.